सरळ शेपटीची शेवंड

१२ जानेवारी, सोमवार
तिकिटं आली! मुंबई ते गोवा आणि परत – क्रूझवर, दोन माणसांची! तिथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांना स्वस्तात मिळतात म्हणे. स्वप्निल म्हणाला, "आये, मी काय शिजवतो ते एकदा बसून खा." माझा मुलगा त्या बोटीवर आचारी आहे, मासळीच्या भागात. या फेरीनंतर मोठा शेफ ठरवणार, त्या भागाचा मुख्य कोण. दोघांची नावं आहेत, त्यात एक आमचं. मुरुडच्या बाजारात जेवढ्यांना सांगता आलं तेवढ्यांना सांगून झालं. उरलेल्यांना उद्या.

सोबत सगुणा येणार. माझी धाकटी जाऊ, बाजारात माझ्या शेजारीच बसते. आमच्या ह्यांना बोट म्हणजे जाळं टाकायची, तीत बसून नुसतं जेवायचं हे काही पटत नाही.

१४ जानेवारी, बुधवार
फोनवर भांडण. मी सहज विचारलं, बोटीवर शेवंडी, तुमचे ते लॉबस्टर, जिवंत ठेवता तरी कुठे? तर म्हणाला, जिवंत नसतात, नुसत्या शेपट्या येतात, खोक्यातून, गोठवलेल्या. गोठवलेल्या! कोळ्याचा पोर बर्फातली शेवंड लोकांना वाढतो आणि वर ताजी म्हणून सांगतो!

"आये, पकडल्या पकडल्या गोठवतात. दुपारपर्यंत तुझ्या पाटीतली सुरमई माझ्या शेवंडीपेक्षा म्हातारी झालेली असते."

म्हातारी! मी फोनच ठेवला. इतकी वर्षं बाजारात बसतेय, एका गिऱ्हाइकाने मासळी परत आणलेली नाही. लॉजवाले डोळे मिटून घेऊन जातात. "कमळबायचं नाक" म्हणतात लोक. पाटी दारातून आत यायच्या आधी कालची मासळी कोणती ते सांगायचे मी! सध्या सर्दी आहे, म्हणून सगुणाला म्हणते, बघ गो जरा. ती मान हलवते, मग मी भाव सांगते.

१७ जानेवारी, शनिवार
सगुणा म्हणते पंजाबी ड्रेस घाल. छट्! मुलाच्या बोटीवर जायचं तर लुगडं नेसूनच, गळ्यात सगळं सोनं घालून.

१९ जानेवारी, सोमवार
एसटी, मग मांडव्याहून लाँच, मग टॅक्सी. आणि समोर ती बोट – मान मागे टाकली तरी वरचा मजला दिसेना. सगुणाने माझा हात धरला तो सोडेचना.

संध्याकाळी कठड्याशी उभ्या राहून दोघी मुरुडचे दिवे शोधत होतो. शेजारी नाशिकचं एक जोडपं होतं. त्यांना सांगितलं, इथली मासळी माझा मुलगा शिजवतो. "हो का!" म्हणाले. मग जरा वेळाने पुन्हा सांगितलं. आज सोमवार, म्हणून वरणभात. शेवंड उद्या.

२० जानेवारी, मंगळवार
जेवायला नाशिकवाले आमच्याच टेबलावर. त्यांना म्हटलं, बघा, ताजी की शिळी ते मी घास न घेता सांगते.

शेवंड आली. कवच चिरलेलं, वर लोणी, बाजूला लिंबू. आणि शेपटी सरळ! फुटपट्टीसारखी सरळ! आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक – ताज्या शेवंडीच्या अंगात जोर असतो, विस्तव लागला की शेपटी आत वळते. मेल्यावर पडून राहिलेली ढिम्म सरळ राहते.

सगुणाने तोवर तोंडात घातली होती. "बाय, गोड हाय गो! वास तरी बघ!"

मी ताट पुढे सारलं. वेटरला म्हटलं, "ये खराब है! शेपटी देखो, सीधा है!" आजूबाजूच्या माना वळल्या. नाशिकच्या बाईंनी काटा खाली ठेवला. काय सांगू, छाती फुगली होती माझी. कोळीण आहे मी, मला कोण फसवणार!

खोलीत आल्यावर मात्र खटकलं. ते ताट आत कुणापुढे नेऊन ठेवलं असेल?

२१ जानेवारी, बुधवार
स्वप्निल मधल्या सुट्टीत आला. बस म्हटलं तरी उभाच.

"आये, ते ताट तू परत पाठवलंस?"

शेपटी सरळ होती, मी म्हटलं.

"काडी घालतो आम्ही. बांबूची. शिजताना वळू नये म्हणून. ताटात सरळ दिसावी लागते. वाढताना काढून घेतो."

काडी! देवा, काडी!

शेफने सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, ही कुणी केली? दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हा म्हणाला, "मी केली, आणि ती चांगली आहे." शेफने तुकडा तोडून खाल्ला आणि पुढच्या ताटाकडे वळला.

मी उठले. म्हटलं, चल, मी सांगते त्याला, चूक माझी आहे.

"नको. आई वशिला लावायला आली म्हणतील."

म्हणजे आता मी काहीच करायचं नाही! पोराच्या बढतीवर मीच पाणी फिरवायचं आणि मीच गप्प बसायचं. जाताना तो दारात थांबला. "शेपटी बघितलीस तू. वास का न्हाय घेतलास?"

"सर्दी आहे म्हटलं ना!" ओरडलेच त्याच्यावर.

पण एक लिहून ठेवते. 'मी केली आणि ती चांगली आहे' – असं दहा जणांत म्हणायला माझाच मुलगा हवा! बाजारात मी तरी दुसरं काय करते? रडत होते, पण अशी आनंदाने रडले नव्हते कधी. भीती होतीच, तरीही.

२२ जानेवारी, गुरुवार
घरी. बाजारात सगळ्यांनी विचारलं, शेवंड कशी होती? म्हटलं, एकदम झकास.

२५ जानेवारी, रविवार
स्वप्निलचा फोन नाही. त्याचं काम दुसऱ्याला दिलं असेल तर ते माझ्यामुळे, हे डोक्यातून जात नाही. आज तव्यावर सुकट करपून कोळसा झाली. मी तिथेच बसून तांदूळ निवडत होते. सगुणा तिच्या घरातून धावत आली. सर्दीवर काढा घेतला.

२७ जानेवारी, मंगळवार
दिलं! मासळीचा अख्खा भाग स्वप्निलकडे! शेफ म्हणाला म्हणे, परत आलेल्या ताटाच्या मागे जो उभा राहतो तोच मला हवा.

मग फोनवरच हळूच म्हणाला, "आये, कधीपासून?"

सर्दी म्हणणार होते. नाही म्हणवलं. दिवाळीत ताप आला होता, तेव्हापासून, म्हटलं. कशाचाच वास येत नाही रे. बांगड्याचा नाही, सुरंगीच्या वेणीचा नाही.

सगुणालाही सांगून टाकलं. ती बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मना ठाव हाय. दिवाळीपासून रोज सकाळी, तू यायच्या आधी, तुझी पाटी मीच हुंगून ठेवतंय."