पाडव्याला देवाजीचे साल भरते

मी, मनोहर दादाजी भोयर, वय ५८, धंदा शेती, राहणार भिवापूर, जिल्हा नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पोटात गाठ आहे. पाडवा दिसेल याचा भरवसा नाही, म्हणून ही घाई.

१. मी लग्न केले नाही. वहिनी भागीरथाबाईंनी चार मुली पाहिल्या. चारही वेळा मिरचीचा तोडा चालू आहे सांगून मी वावरातच राहिलो, एकदा तर झाडावर मिरची नसताना, भर जेठात. वहिनी काय ते समजल्या आणि माझे ताट वेगळे झाले. माझी पितळी घागर त्यांना द्यावी. त्यांचा तिच्यावर डोळा होताच.

२. देवाजी सोमा मेश्राम चोवीस वर्षे माझ्यासोबत वावरातल्या घरात राहतो. गावाने बोलू नये म्हणून पहिल्याच वर्षी मी त्याला वर्षाच्या बोलीवर सालदार लावले. दर पाडव्याला चारचौघांत पानसुपारी देऊन पुन्हा वर्षभरासाठी ठेवायचो. घरी आल्यावर दोघेही पोट धरून हसायचो. "लागलं बा अजून एक साल," तो म्हणायचा. केवढे मूर्ख आम्ही! साल पाडव्याला भरते, आणि सालदाराला काढायला कारण लागत नाही.

३. सात एकर वावर देवाजीलाच द्यायचे होते. तो म्हणाला, "मले नको गा. रुपराव कोर्टात खेचन. वकील विचारन, तू त्याचा कोन? मी काय सांगू?" म्हणून वावर पुतण्या रुपरावला. हे लिहिताना जीव तुटतो.

४. बैलजोडी, वखर आणि मिरचीचे बी देवाजीचे. दरवर्षी दुसऱ्या तोड्यातून बी तोच निवडतो. बियांच्या मडक्याला कोणी हात लावू नये.

५. देवाजी मरेपर्यंत वावरातल्या घरात राहील. रुपरावने दर पाडव्याला चारचौघांत त्याला पानसुपारी द्यावी. वकीलसाहेब म्हणतात, "मनोहरराव, असं कलम कोर्ट धरत नाही." माहीत आहे, तरी लिहा म्हटले. रुपराव, बाबू, मी तुझ्या पाया पडतो.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून देवाजी बाहेर ओट्यावर बसून आहे. त्याच्या नावापुढे नाते काय, असे वकिलांनी विचारले. मी ओट्याकडे पाहिले. त्यांनी 'सालदार' लिहिले. मी खोडले नाही.

साक्षीदार: महादेवराव लांजेवार (सही)
ताराचंद नागपुरे (डाव्या अंगठ्याची निशाणी)

भिवापूर, १४ मार्च १९७९
मनोहर दादाजी भोयर (सही)