माझा कागद कुणी वाचला?

४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तू माहिती-संरक्षणाच्या कार्यालयात दिवसभर कायदा चघळतेस, तर आत्याचं एक काम कर. जानेवारीत कानांच्या दवाखान्यात तपासणी केली. डावा कान बराच गेलाय. मी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि परवा संगीतशाळेच्या मुख्याध्यापिकांनी बोलावलं. टेबलावर शाळेच्या पत्त्यावर आलेलं कानयंत्राच्या कंपनीचं पत्रक, वर माझं नाव, आत 'आपल्या डाव्या कानासाठी खास'. त्या म्हणाल्या, आता व्हायोलिनचा वर्ग सोडा, विश्रांती घ्या. अठ्ठावीस वर्षं शिकवतेय गं! मान डोलावून बाहेर आले आणि जिन्यातच बसून रडले. तुझ्या कायद्यात माझ्यासारखीला काही आहे का?

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आत्या

११ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. तुझ्या परवानगीशिवाय दवाखान्याला तुझ्या तपासणीची माहिती कुणालाही देता येत नाही. दिली असेल, तर कुणाला ते तू विचारल्यापासून महिन्याच्या आत लेखी सांगावंच लागतं; मग आमच्या कार्यालयात तक्रार करता येते. तू माझी आत्या, म्हणून मी या प्रकरणाला हात लावणार नाही; साहेबांना तसं लिहूनही दिलंय. दवाखान्याकडे अर्ज तूच कर. तीनच ओळी लिही: माझी कोणती माहिती, कुणाला, कुणाच्या परवानगीने. पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. तिथले साहेब जेवायला गेलेत म्हणाले, तर खुशाल बसून राहा. तुझ्या हट्टापुढे आमच्या घरात कोण टिकलंय?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठमी

२ मे

चि. ठमीस भरभरून आशीर्वाद.

जिंकले गं! दवाखान्याने तीनशे बारा जणांची यादी त्या कंपनीला दिली होती. तुमच्या कार्यालयातल्या सुनावणीत दवाखान्याचा वकील पुटपुटायला लागला. मी त्याला उजव्या बाजूला येऊन बोलायला लावलं. अधिकारीण बाईंनी माझी संमतीची सही मागितली. त्याने फॉर्म चारदा उलटापालटा केला, सही असेल तर सापडेल! निकाल असा, की तीनशे बाराही जणांना दवाखान्याने चूक लेखी कळवायची आणि कंपनीने यादी पुसून टाकायची.

निकाल घेऊन तडक शाळेत गेले. मुख्याध्यापिकांना म्हटलं, माझा कान तपासायचाच तर वर्गात तपासा. सहा जणींनी एकदम वाजवलं. तिसरीची एक तार किंचित उतरली होती. मी बोट ठेवलं. बाईंना पत्ताही नव्हता. त्यांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. सोमवारपासून वर्ग पुन्हा माझा! यंत्रही घेतलंय, दुसऱ्या कंपनीचं, आणि मुलींना मीच कौतुकाने दाखवलं.

हे ऐकून तुझ्या बाबाने कबूल केलं, की त्याचा उजवा कान दोन वर्षांपासून नावालाच आहे. घाबरू नकोस, हे तुला कळवायची परवानगी मी त्याच्याकडून सहीनिशी घेतलीय.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी आत्या