चुकीची घडी

प्रिय धाकट्या,

काल फोनवर तू सांगितलंस की तुम्ही दोघं आता बाळाचा विचार करताय, आणि मी नुसती हं हं करत राहिले. तुला वाटलं असेल, ताईला आनंदच झाला नाही. झाला रे गधड्या, पण त्याआधी तुला एक सांगायचं राहिलंय. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते ठरवा. बायकोलाही शेजारी बसव.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला अठरा वर्षं झाली. डोळे मिटून चादरीची घडी घालणारी बाई मी! गेल्या महिन्यात चादरीची दोन टोकं हातात धरून उभी राहिले आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. पोरी हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

बाबांचे शेवटचे महिने आठवतात ना? पन्नाशीचा माणूस, पण शर्टाची बटणं लावता येईनात, उभं राहिलं की तोल जायचा. मला आत्या समजायचे. आत्याही अगदी अशीच गेली होती. बाबांच्या डोक्यात गाठ झाली, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं.

बाबांच्या डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हा माझ्या भाषेत समजावलं होतं. इस्त्रीखाली कापड करपलं की काळं उरतं ना, तो कार्बन. आपल्या अंगातली चरबी, साखर, प्रथिनं, सगळी त्याच्याच सांगाड्यावर उभी. प्रथिन म्हणजे एक लांबलचक धागा, त्याची घडी बरोबर पडली तरच कामाचा. बाबांच्या मेंदूत एका प्रथिनाची घडी चुकली. बरं, चुकली तर चुकली, पण ते मेलं शेजारच्या चांगल्यालाही तशीच चुकीची घडी घालायला लावतं. होता होता मेंदूची चाळण होते. मी विचारलं, आम्ही उकळून, वाफवून एवढे जंतू मारतो, मग याला काहीच कसं नाही? त्या म्हणाल्या, ते जिवंतच नाही, तर मारणार कसं?

हे रक्तातून पुढे जातं, आईबापाकडून मुलांत, धाकट्या. बाबांचा रिपोर्ट आला तेव्हा तुझं लग्न ठरत होतं. मोडेल म्हणून मी तो कपाटात दडपून ठेवला, सहा वर्षं. सोमवारी माझा रिपोर्ट आला. जे बाबांना, तेच मला. मला मूलबाळ नाही, माझ्यापाशी ते थांबेल. तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी आहे, रक्त तपासलं की कळतं. नसेल तर तुमची मुलं सुटली. असेल तर निदान डोळे उघडे ठेवून ठरवाल. तो हक्क मी तुम्हा दोघांकडून चोरला. बायकोला म्हणावं, नणंदेला हव्या तेवढ्या शिव्या घाल. आणि तुला भांडायला यायचं असेल तर याच महिन्यात ये. पुढे तू दारात उभा राहशील आणि मी विचारेन, कोण पाहिजे?

तुझीच, तुला फसवलेली,
ताई