दुसरी शेपटी कोण जोडतं

बाई, आज सकाळी प्लेटवर जिवाणू उगवले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. लॅबमध्ये मी ओरडलेच. मग मुंबईहून तडक राहनाळला घरी आले आणि आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "जंतू जगले म्हनून नाचतेस? लोकं त्यांना मारायला औषध आनतात, न्हाय?" असं म्हणत ती हसत उठली आणि चहा टाकला. तुम्ही मात्र विचारलं असतं, "कुठले जिवाणू? नेमकं काय झालं?" म्हणून नीट सांगते.

नववीत तुम्ही आम्हाला एसटीने अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं होतंत. बाकीच्या मुली कुंडात पाय सोडून किंचाळतायत, आणि तुम्ही पदर खोचून दगडावरचा हिरवट, बुळबुळीत थर नखाने खरवडून मला दाखवताय. "हे जिवंत आहे. एवढ्या गरम पाण्यात याच्या पेशीचं आवरण टिकतं कसं? ते बनवतं कोण?" मी मोठ्या ऐटीत म्हणते, "निसर्ग बनवतो, बाई." "निसर्ग म्हणजे कोण? येत नसेल तर येत नाही म्हण. मलाही येत नाही." सगळ्यांसमोर! परतताना मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. ते तुम्ही पाहिलं असणार, कारण रविवारी घरी बोलावलंत. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटामुळे तुमच्या स्वयंपाकघरात ओरडूनच बोलावं लागे. तुम्ही वाटीत पाणी घेतलंत, त्यावर तेल. कितीही घुसळलं तरी दोन्ही वेगळी. मग अंड्याचा बलक टाकलात, आणि सगळं एकजीव! "यात असे रेणू आहेत, ज्यांचं डोकं पाण्याकडे आणि शेपट्या तेलाकडे. त्यांचेच दोन थर म्हणजे पेशीचं आवरण." त्याचंच तुम्ही ऑम्लेट केलंत. फार वाईट झालं होतं. आपण दोघींनी संपवलं.

तर बाई, त्या रेणूंना फॉस्फोलिपिड म्हणतात, आणि जिवाणू ते स्वतः बनवतो, अगदी टप्प्याटप्प्याने. आधी ग्लिसरॉल-फॉस्फेटचा एक छोटा तुकडा. एक एन्झाइम त्याला पहिली तेलकट शेपटी जोडतं, दुसरं एन्झाइम दुसरी. मग कुणी तिसरं येऊन डोकं बसवायची तयारी करतं. तयार रेणू आवरणात जाऊन बसला की आवरण तेवढं वाढतं, आणि तेव्हाच जिवाणूला एकाचे दोन होता येतं. माझ्याकडे एक अधू जिवाणू आहे. त्याचं दुसरी शेपटी जोडणारं एन्झाइम गरम झालं की निकामी होतं, आवरण अपुरं पडतं आणि तो मरतो. अकलोलीच्या त्याच कुंडातल्या जिवाणूचं एक जनुक मी त्याच्यात घातलं. दुसरी शेपटी जोडायचं काम हेच करत असेल, असा माझा अंदाज होता. तीन वर्षं काहीच उगवलं नाही. मागच्या महिन्यात माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुरे आता, विषय बदल." मी शेवटची एक संधी मागितली.

आज, अधू जिवाणू मरतो तेवढ्या उष्णतेवर ठेवलेला इन्क्यूबेटर उघडला. जनुक न घातलेल्या जिवाणूंची प्लेट कोरी, आणि शेजारच्या प्लेटवर ठिपकेच ठिपके! त्या उष्णतेत जगलेले, वाढलेले! सर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे परत करून दाखव. मग विषय तुझा."

बाई, हे पत्र कुठे जाणार नाही, मला माहीत आहे. आणि एक सांगते, आईलाही सांगितलेलं नाही. परत करून दाखवायचं आजच सुरू करता आलं असतं. सगळं तयार होतं. पण दुसऱ्यांदा नाही उगवले तर, या भीतीने मी घरी पळून आलेय. आजचा एक दिवस मला फक्त खूश राहायचंय.