चार चिंचोके

बल्लारपूर,
२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय कमला,

जयभीम. माह्या श्रावणनं तुह्या माहेरून, राजुऱ्याहून नातीचा फोटो आणला, तेव्हापासून तो माह्या उशाखालीच आहे. किती गोड हासते ग! डोळे तुझे, नाक मात्र आमच्याकडचं, चपटं. शेजारची नीलाबाई म्हणे, बाई, पाहून पाहून पोरीचा रंग उडवशील. म्हटलं, उडू दे, दुसरा फोटो मागवीन. दुसरीतून शाळा सुटली माही, अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून वाच. गुडघेही लय दुखतात. पाणी भरून आली का बसूनच राहते. खरं सांगू, राग धरून ठेवाले बी जोर लागते, तो आता माह्यात उरला नाई.

तुह्या वांग्याच्या झाडाले अजून वांगी येऊन राह्यली. तोडताना खुशालची आठवण येते. झाडापाशी बसून हातपाय दुखतात म्हणून रडायचा, बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे. मी कावीळ समजून झाडपाला पाजत राह्यली. तीन वर्षांचं लेकरू, कडू तोंड करून सगळं प्यायचं.

नातीच्या वेळी तू पोटुशी असताना तुह्या रक्ताचा कागद आला, त्यात सिकलसेलचं अर्धं निघालं, तेव्हा मी काय काय बोलली ते तुले माहीतच आहे. माह्या भावाची, सोमाजीची पोरगी केसर सून करून आणली असती तर बरं झालं असतं, हे तर मी पाच वर्षं घोकत होती.

गेल्या महिन्यात इथल्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर होतं. डॉक्टरीण खुर्शीदा, चंद्रपूरचीच पोरगी, लय समजावून सांगते. तिनं टेबलावर चार चिंचोके मांडले, दोन काळे, दोन सोललेले पांढरे. म्हणे आजी, माणसापाशी असे दोन असतात. एक काळा, एक पांढरा असला त्याले अर्धं म्हणतात, त्याले स्वतःले काही होत नाई. लेकराले एक मायकडून भेटते, एक बापाकडून, डोळे मिटून काढल्यासारखा. दोन्हीकडून पांढरे आले तरच दुखणं, मायबाप दोघंही अर्धे असले तर चारांत एकदा. मग रक्तातल्या गोळ्या विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, म्हणून ते दुखते. मी इचारलं, एक लेकरू गेलं, म्हणजे आता पुढचे तीन चांगलेच न बाई? ती म्हणे, नाई आजी, दर वेळी चिंचोके परत मिसळतात, दर वेळी नव्यानं डोळे मिटायचे. मी मनातल्या मनात नातीले वाचवून ठेवलं होतं, ते गळालंच.

एका बाजूनं दुखणं येत नाई म्हटल्यावर श्रावणनं रक्त दिलं. त्याचंही अर्धं. त्याचा बाप तर नाई आता, म्हणून मी बोट पुढं केलं. सोमाजीलेही ओढून नेलं, सुईले पाहून तो पोरावाणी लपत होता. रक्त नागपूरले गेलं, वीस दिवसांनी कागद आले. सोमाजीचं अर्धं. माहं बी अर्धं. डॉक्टरीण म्हणे, घरातल्या घरात सोयरीक केली असती तरी दोन्हीकडून पांढरा येण्याची भीती होतीच.

पुढच्या महिन्यात नात सहा महिन्यांची होते. त्याआधी काढलेलं रक्त नीट सांगत नाई म्हणतात. मी राजुऱ्याले येते, पोरीले मांडीवर मीच घेईन, सुई टोचताना तू बाहेर बस. कागदावर काही बी येवो, आता झाडपाला नाई, दवाखाना. अन् तुह्या मनात असलं तर दोघींले घेऊन घरी येईन. नसलं तर तसं सांग, मी एकटी परत जाईन.

हे पत्र काऊन लिहिलं, ते आता सांगते. खुशालले मातीत ठेवून आलो, त्या दिवशी अंगणात पन्नास माणसांपुढं मी तुह्या मायले म्हटलं होतं, तुमच्या घरचं रक्त खराब, तुम्ही माहा नातू खाल्ला. त्या माउलीनं पदर तोंडात धरला. कमला, ते रक्त माहं बी होतं. त्यांले वाचता येत नाई. तू त्यांच्यासमोर बस अन् हे पत्र मोठ्यानं वाच.

तुझीच,
बायनाबाई, तुही सासू