सिंधुच्या चालण्याची मोजणी

जळकोट, शुक्रवार

आदरणीय ज्ञानोबाराव यांना शेषेरावाचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? नीलावहिनींचा खोकला गेला का? आम्ही बरे आहोत. (बरे म्हणजे, तुमच्या बहिणीनं लातुरात माझी जी शोभा केली, तिच्यातून आता सावरलो आहे.)

सिंधुच्या हृदयाची एक झडप खराब झाली, बदलावी लागेल, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण डॉक्टर तनुजाबाई म्हणाल्या, नुसतं वय बघून ठरवत नाही, अंगात दम किती उरलाय ते आधी मोजू. दम नसला तर ऑपरेशन धोक्याचं. ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टरनं हातात मुठीचा जोर मोजायचं एक यंत्र देऊन जोरात दाबायला सांगितलं. तर ही बाई (घरी पिळलेल्या लुगड्यात थेंब ठेवत नाही) दोन बोटांनी हळूच दाबते! म्हणे दुसऱ्याची वस्तू, मोडली तर? मग चालायची पाळी. फरशीवर दोन पट्ट्या मारलेल्या, इथून तिथवर नेहमीसारखं चाला. एकटी घाबरेल म्हणून मीही निघालो पुढं. माझी चाल तुम्हाला माहीत आहे (कंबर धरलेली, त्यात चप्पल नवी). डॉक्टरबाईंनी आकडे बघितले, तोंड बारीक केलं आणि कागदावर अशक्त असं लिहिलं हो! मला तिथंच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेव्हा कुठं सिंधुनं तोंड उघडलं. "बाई, पन्नास वर्सं झाली, मी ह्यांच्या पुढं कधी चालले न्हाई. आज कशी जाऊ?"

बाईंनी मला बाकावर बसवलं आणि पुन्हा मोजणी लावली. काय सांगू ज्ञानोबाराव, पदर खोचून अशी सुटली, जशी काही एसटी हलायला लागली होती! यंत्र तर असं आवळलं की सिस्टरच पुरे पुरे म्हणाली. ऑपरेशन ठरलं, येत्या मंगळवारी. चांगल्या बऱ्या होतील म्हणाल्या बाई. मला लई अभिमान वाटला. मग त्यांनी सहज म्हणून माझीही चाल मोजली. तो आकडा सांगत नाही.

आपला,
शेषेराव

ता.क. फोनवर बोललो की ती ऐकते, म्हणून हे पत्र. मला लई भ्या वाटायलंय. मंगळवारी या. तिच्यासाठी आलो असं तिला सांगा.

आणखी एक ता.क. दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं. तू ये. माझी काळजी करू नको, मी येते बाहेर. तोवर ह्यांना दोन घास खाऊ घाल, मी समोर नसले की हे जेवत न्हाईत. — सिंधु