बुटांची टोकं

३ फेब्रुवारी १९६२, शनिवार
क्लाइव्हने बूट आणले. काळे, पुढे सुईसारखे टोकदार. दुकानातल्या शनिवारच्या कामाचे सगळे पैसे त्यात घातले. वॉल्टर बत्तीस वर्षं नॉर्थॅम्प्टनच्या कारखान्यात बुटांचं चामडं कापतोय. नवऱ्याने समजवायचं, तर हा म्हणतो, "झकास आहेत, पोरा. उद्या चहाबरोबर खायला शंखातल्या समुद्री गोगलगायी आणू. आतलं मांस काढायला टाचणी नको, बुटाच्या टोकानेच उकरू." बापलेक हसले. मी नाही.

५ फेब्रुवारी
मी शिकवते त्या शाळेत टोकदार बुटांना बंदी आहे, म्हणून फाटकात पट्टी घेऊन उभी होते. बुटांची टोकं मोजली, अकरा मुलींना घरी पाठवलं. एक पुटपुटली, "आधी घरचे मोजा, बाई."

९ फेब्रुवारी
शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजचं उत्तर नाही. क्लाइव्हचा अर्ज जानेवारीतच गेला. सगळा मीच भरला. त्याने फक्त सही करून टपालपेटीत टाकायचा होता.
"टाकलास ना?"
"टाकला, आई." मान वर नाही. बुटांना पॉलिश चाललं होतं.

१७ फेब्रुवारी
आज कळलं — ती टोकं रिकामी असतात. बोटं तिथवर पोचतच नाहीत. वर वळू नयेत म्हणून पोरं आत कागद कोंबतात. डोक्यांचंही तेच.

२० फेब्रुवारी
कॉलेजला खरमरीत पत्र.

२६ फेब्रुवारी
उत्तर आलं: या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेला नाही. मुदत संपली. टपालखात्याचा गलथानपणा!
क्लाइव्हला म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा भरू.
"नको, आई. मी बाबांच्या कारखान्यात जातो. मला बूट करायचेत."
आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शेवटचीही मीच?
तो जुने बूट घालून बाहेर पडला. मी वॉल्टरची सुरी घेतली आणि नव्या बुटांची दोन्ही टोकं कापली. जड गेलं. शिवण चांगली होती.

२७ फेब्रुवारी
त्याने बूट पाहिले. पिशवी भरून आत्याकडे राहायला गेला. वॉल्टर एवढंच बोलला, "हिल्डा, पाय त्याचे होते."

१ मार्च
टोकं केराच्या बादलीतच होती. एकातला कागद उलगडला. सुरीने एक कडा गेली आहे, बाकी वाचता येतं. अक्षर माझं. 'तुम्हाला शिक्षक का व्हायचे आहे?' खाली माझ्या अकरा ओळी.
सहीची जागा कोरी.